आत्याचा बाप्तिस्मा

माझ्या हातून आयुष्यात धाडस म्हणण्यासारखी एकच गोष्ट झाली, आणि तीही चुकली. चौदाव्या वर्षी मी माझ्या सख्ख्या आत्याला, तिला न विचारता, न सांगता, वडिवळ्याच्या घरी न्हाणीत ख्रिस्ती करून टाकलं. त्यासाठी एक तांब्या आणि थोडं कोमट पाणी लागलं, ते तिच्याच घरात होतं. भरपूर आगाऊपणा लागला, तो मी लोणावळ्याहून बरोबर नेला होता. आज आरशात बघते तर डॉक्टरांना चुकवून चहात साखर घालणारी एक म्हातारी दिसते. पण त्या पोरीची मला अजून गंमत वाटते. काडीसारखे पाय, किंचित पुढे आलेले दात, आणि जगाचं तारण आपल्यावाचून अडून राहिलंय अशी पक्की खात्री. तशी मुलगी आज शेजारी राहायला आली तर मी दार लावून घेईन.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. दोन खोल्या आणि मागे पडवी. पपा शेडमध्ये फिटर होते. घाट चढून आलेल्या गाडीला मागून ढकलत आणणारं इंजिन लोणावळ्यात सुटायचं, मग ते एक लांब शिट्टी द्यायचं, आणि पपा जेवता जेवता मान वर करून म्हणायचे, "ह्याचा दम कमी झालाय." पावसाळ्याचे चार महिने घरात काही म्हणून वाळत नसे. आई शेगडीवर बांबूची पाटी उपडी घालून तिच्यावर आमचे कपडे टाकायची, त्यामुळे रविवारी देवळात आमच्या बाकाला कोळशाचा वास यायचा. आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. बाजाराच्या बाजूने वारा आला की चिक्कीसाठी उकळणाऱ्या गुळाचा वास थेट अंथरुणापर्यंत पोचायचा, आणि पपा संध्याकाळच्या प्रार्थनेत नरकाच्या धगीबद्दल वाचत असले तरी माझ्या डोळ्यांपुढे पाकाची कढईच यायची. त्यामुळे नरकाबद्दल मला म्हणावी तशी भीती कधी बसली नाही.

पपांचा देव त्यांच्या शेडसारखा होता. प्रत्येक हत्यार आपापल्या खिळ्यावर, आणि कोणी हलवलेलं चालायचं नाही. ते मंडळीतले, म्हणजे आमच्या देवळाच्या सभेतले, वरिष्ठ पंच होते. आमच्यात लहानपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा आईबाप बाळाच्या वतीने देवाला वचनं देतात. पुढे जाणतं झाल्यावर तीच वचनं आपण स्वतःच्या तोंडाने द्यायची, त्याला दृढीकरण म्हणतात. ते झालं की प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळायचा. त्याआधी मंडळीसमोर तोंडी परीक्षा असे, आणि तिच्यात पपांनी आजवर चौघांना उत्तर अडखळलं म्हणून वर्षभर मागे ठेवलं होतं. घरीही तोच खाक्या. शेजारच्या काकू गणपतीत मोदक आणून देत. पपा दोन्ही हातांनी नम्रपणे ताट घेत, आणि काकू वळल्या की मोदक गाईला. आमच्या गल्लीतली ती गाय इतकी पुण्यवान झाली होती की मला तिचा हेवा वाटायचा.

एवढे कडक पपा वडिवळ्याला गेले की मात्र निराळेच व्हायचे. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. तिला ते आक्का म्हणत आणि आम्ही आत्या. पपा तीन वर्षांचे असताना त्यांची आई वारली, आणि नवऱ्याच्या घरून परत आलेल्या आत्याने त्यांना वाढवलं. सात-आठ वर्षांचे असताना त्यांचा पाय सडला. तेव्हा आत्याने त्यांना पाठीवर घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण तिथे राहायचे दिवस वाढत गेले, मग तिथलीच शाळा, तिथलंच वसतिगृह, आणि अठराव्या वर्षी पपांनी बाप्तिस्मा घेतला. भावकी खवळली. आत्या तेवढी म्हणाली, "पाय वाचला न्हवं? मग झालं." ती मात्र होती तिथेच राहिली. तीच भाताची खाचरं, तोच देव्हारा, तोच चुलीचा धूर.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. तेव्हा भाताची कापणी-झोडणी चालू असायची, आंबेमोहोराचा वास कामशेतहून पायी येतानाच लागायचा, आणि घरात शिरण्याआधी आत्या ओरडायची, "हातपाय धुवा, खेकड्याचं कालवण केलंय!" पपा ओट्यावरच बसत. देव्हारा असलेल्या खोलीत ते जात नसत. जेवायला वाढताना आत्या दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "हे देवाला दावलेलं न्हाई रं, खा." सणाच्या दिवशीसुद्धा ती नैवेद्याचं आणि आमचं वेगळं रांधायची, एका बाईच्या दोन चुली. तेव्हा मला ती गोष्ट इतकी साधी वाटायची, की त्यासाठी तिला पहाटे किती लवकर उठावं लागत असेल हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.

मी अर्थातच दुसऱ्या चुलीवरचंही खाऊन पाहिलं होतं. बारा वर्षांची असताना देव्हाऱ्यातला शिरा गुपचूप तोंडात टाकला आणि काय होतं ते पाहायला गोठ्यामागे जाऊन उभी राहिले. वीज पडेल, निदान पोट तरी दुखेल. मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. उचकी लागली. उचकी ही देवाकडून आली की घाईघाईने गिळल्यामुळे, हे काही ठरवता येईना, म्हणून खात्री करायला परत जाऊन दुसरा घास घेतला. शास्त्रीय पद्धत!

त्या वर्षी माझं दृढीकरण होतं. दर शनिवारी दुपारी आम्ही पाच मुलं पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात बसून प्रश्नोत्तरं पाठ करायचो. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, गोल, तपकीर ओढणारे, आणि शिंक यायच्या वेळी बोट वर करून सगळ्यांना थांबवणारे. एका शनिवारी धडा आला तो तारणाचा. ज्यांनी विश्वास धरला नाही आणि बाप्तिस्मा घेतला नाही त्यांचं काय, असा प्रश्न, आणि खाली चार ओळींचं उत्तर. उत्तर असं होतं की ते वाचून झाल्यावर मला एकदम आत्याचे हात आठवले, भाकरी थापतानाचे. घरी येऊन मी ताटावर बसता बसता विचारलं, "पपा, मग आत्या नरकात जाणार?"

आईच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. पपांचा घास हातात थांबला. "जेव," ते म्हणाले.

"पण पुस्तकात—"

"रूथ, जेव म्हटलं ना."

ते स्वतः मात्र जेवले नाहीत. त्या दिवसानंतर वडिवळ्याचं नाव निघालं की ते उठून पडवीत जायचे. मी कितीही बिनडोक असले तरी मला एक गोष्ट दिसली. हा प्रश्न पपांना माझ्या कितीतरी आधी पडलेला होता, आणि उत्तर त्यांना पाठ होतं. मी मनाशी ठरवलं की ह्या माणसाला आपणच सोडवायचं.

वाट मला उपासनेच्या पुस्तकात सापडली, अगदी शेवटी, जिथे कोणी जात नाही अशा पानांत. माणूस मरणाच्या दारात असेल आणि पाळक मिळत नसतील तर बाप्तिस्मा झालेला कोणीही ख्रिस्ती त्याला बाप्तिस्मा देऊ शकतो, अशा अर्थाचं तिथे लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. कोणीही म्हणजे मीसुद्धा! आता फक्त आत्या मरणाच्या दारात यायला हवी होती. लिहितानाही लाज वाटते, पण त्या दिवाळीत वडिवळ्याला पोचल्यावर आत्या तापाने झोपलीय असं कळलं, तेव्हा माझ्या पोटात आधी आनंदाची गुदगुली झाली.

ताप झोडणीच्या वेळी भिजल्यामुळे आला होता आणि मी पोचेपर्यंत उतरलाही होता. सकाळी तिने दीड भाकरी खाल्ली होती, वर ठेचा मागितला होता. पण मला ती मरणाच्या दारात हवी होती, म्हणून मी तिला तिथेच धरलं. पपा खळ्यावर गेले होते. आत्या म्हणाली, "रुते, डोस्क्यात भाताचं कूस गेलंय, लय खाजतंय. पानी वतशील का?"

न्हाणीत चुलीवरचा हंडा. आत्या पाटावर पाठमोरी, शिकेकाईचा फेस, आणि मी तांब्या धरून अशी उभी, जणू स्वर्गाची किल्लीच हातात. मी पहिला तांब्या ओतला आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, पित्याच्या.

"आगं हळू! कानात गेलं."

दुसरा तांब्या. पुत्राच्या.

"काय पुटपुटतीस?"

"पाढे म्हणतेय आत्या."

"कितीचे?"

"तीनचे," मी म्हटलं, आणि तिसरा तांब्या ओतून पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. मग वर छपराकडे बघितलं. कौलांतून एक पाल माझ्याकडे बघत होती, बाकी काही नाही. पण मला आत कुठेतरी इतकं हलकं वाटलं की मी त्या ओल्या डोक्याचा मुका घेतला. आत्या म्हणाली, "येडी का काय!" आणि केस पंच्यात गुंडाळून तशीच देव्हाऱ्यापुढे गेली, निरांजन लावलं, हात जोडले. ख्रिस्ती होऊन तिला अजून दोन मिनिटंही झाली नव्हती.

तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. लोणावळ्याला परतल्यावर मी आठवडाभर तरंगत होते, भांडीसुद्धा गाणं म्हणत घासत होते. घोटाळा पुढल्या धड्यात झाला. पाळकसाहेबांनी समजावलं की ज्याला वाट माहीतच नाही त्याचं एकवेळ देव समजून घेईल, पण वाटेवर येऊन जो पुन्हा मागे फिरला त्याची गत सगळ्यांत वाईट. म्हणजे मी आत्याला वाचवलं नव्हतं. आधी ती बिचारी अजाण होती, आता मी तिला वाटेवर आणून सोडली होती, आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ निरांजन लावून मागे फिरत होती! तिच्यासाठी जागा मीच आणखी खाली, आणखी तापलेल्या मजल्यावर करून ठेवली होती. तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. आईने नाताळच्या करंज्या तळायला घेतल्या आणि मी सारणाला हात लावला नाही, तेव्हा आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटी एका शनिवारी दुपारी मी पडवीत गेले. पपा स्टोव्ह उघडून बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, हंड्यापासून निरांजनापर्यंत. पपा कधी मारत नसत, स्तोत्रं लिहायला लावत. मी मनात सगळ्यांत लांब स्तोत्राची तयारी केली. त्यांनी हातातली पिन पुसून फरशीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "पानी टाळूवर पडलं का नुसतं केसांवर?"

"टाळूवर, पपा."

"तीनदा वतलंस?"

"हो."

"नावं? तिन्ही? सरळ घेतलीस, येकामागं येक?"

"हो पपा."

लोणावळ्यात पपा अगदी छापील मराठी बोलायचे. ही बोली त्यांच्या तोंडून मी फक्त आत्यापुढे ऐकली होती. ते स्टोव्हकडे तोंड करून बसले, आणि त्यांचे खांदे हलले. आई आली तर म्हणाले, पिन मारताना डोळ्यांत रॉकेल उडालं. स्टोव्ह रिकामा होता, टाकी शेजारी फरशीवर उपडी घातलेली मला दिसत होती.

पण पपा ते पपाच. दुसऱ्या दिवशी उपासना झाल्यावर त्यांनी मला पाळकसाहेबांपुढे उभं केलं. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं, बोट वर केलं, शिंकले, आणि रुमालामागे खूप वेळ नाक पुसत राहिले. आता मला वाटतं, ते हसत असावेत. "बाई वाचली ना?" त्यांनी विचारलं. "मग रूथ, तू एकच पान वाचलंस. पुढल्या पानावर लिहिलंय, माणूस बरा झाला तर त्याला मंडळीसमोर आणायचं आणि त्याच्या तोंडून कबुली घ्यायची. आणि पंच, तुम्ही बहिणीला विचारा. ती हो म्हणाली तर आनंद आहे."

"आणि नाही म्हणाली तर?" पपांनी विचारलं.

"तर तुमच्या मुलीने आत्याचे केस धुतले. तेही चांगलंच काम आहे."

तीस वर्षांत पपांनी आक्काला एकदाही विचारलं नव्हतं. बाजारपेठेत अनोळखी माणसांना पत्रकं वाटणारा हा माणूस सख्ख्या बहिणीजवळ तो विषय काढत नसे. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं, आज वाटत नाही. विचारलं नव्हतं तोवर 'नाही' आलेलं नव्हतं.

पुढल्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं कामशेतला उतरून वडिवळ्याला चालत गेलो. आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून सूप ठेवून म्हणाली, "आँ? ना सन ना वार, आन दोगंच? घरी बरं हाय न्हवं?" पपा ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, ह्या वेळी अंगठ्याने जमीन उकरत. मला वाटलं, आत्याला धक्का बसेल.

"मला ठाव हाय की," आत्या म्हणाली. "तीनचा पाडा तीनातच संपला तवाच वळाखलं. म्हनलं तुमच्यातला तापाचा मंतर असंल काय तरी."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरगी मनापास्नं करत हुती. आन पानी बी कोमट हुतं."

मग पपांनी घसा साफ केला. मी त्यांना शेकडो माणसांसमोर प्रार्थना करताना ऐकलं होतं, पण त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "आक्का, तू येशील का आमच्यात? देवळात चार मान्सांत हो म्हनावं लागंल, बस."

आत्या हसली नाही. तिने खरंच विचार केला. तांदळातला एक खडा बोटाने बाजूला सारला. "आन हितलं कोन बगंल? देवाचं?"

"ते सोडावं लागंल."

"मग न्हाई रं, किसन्या." ते पपांचं बाप्तिस्म्याआधीचं नाव, एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. पपांची मान खाली गेली. आत्या म्हणाली, "तू वाईट वाटून घिऊ नगं. तू गेलास तवा आमी तुला सोडलं का? थांब." ती आत गेली आणि देव्हाऱ्याच्या फळीवरून हळदीने पिवळी झालेली एक पत्र्याची डबी घेऊन आली. झाकण काढून तिने डबी पपांपुढे धरली. आत एक सुपारी होती, जुनी, गुळगुळीत, हळदीत माखलेली.

"ही कोन?" मी विचारलं. काय आहे म्हणायचं सोडून कोण म्हणाले, ते कसं कोणास ठाऊक.

"ह्यो तुजा बाप," आत्या म्हणाली. "चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलायची तर घरचा गडी लागतो. घरचा मानूस हजर नसला की त्याच्या जागी सुपारी मांडायची. हा गेल्यापास्नं दर वर्साला मांडती. भावकीतली म्हनली, नाव गाळ आता त्याचं. म्या न्हाई गाळलं."

मला नाकातून हसू फुटलं. लोणावळ्याच्या मंडळीचे वरिष्ठ पंच, मोदकाचा वाससुद्धा न घेणारे, तीस वर्षं दर चंपाषष्ठीला हळदीत न्हाऊन खंडोबापुढे हजेरी लावत होते! आत्यालाही हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. पपा हसले नाहीत.

"मला इचारायचंस तरी, आक्का," ते म्हणाले.

"हिनं मला इचारलं व्हतं?"

आत्याने सुपारी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. "तुला नगं आसंल तर घिऊन जा. तुजीच हाय. नदीत टाक न्हाईतर काय बी कर, म्या न्हाई इचारनार."

पपांनी काय करायला हवं होतं ते मला प्रश्नोत्तरांतून तोंडपाठ होतं, आणि त्यांना तर माझ्याआधीपासून. ते त्या सुपारीकडे बघत बसले. मग म्हणाले, "अडकित्ता दे."

आत्याच्या तोंडावरचं हसू गेलं. तिने पानाच्या तबकातला अडकित्ता आणून दिला. पपा माझ्यासमोर स्वतःला कातरणार होते. त्यांनी सुपारी डबीत ठेवली, झाकण लावून पाहिलं, काढलं, आणि अडकित्त्याच्या मुठीने झाकणाची कड हळूहळू ठोकायला सुरुवात केली. गोल फिरवत, कान देऊन, शेडमध्ये ठोकत असतील तसं. पुन्हा लावलं. पुन्हा दोन ठोके. तिसऱ्या वेळी झाकण टक्कन बसलं.

"सैल झालं हुतं," ते म्हणाले. "मुंग्या गेल्या असत्या." आणि डबी तिच्या हातात दिली.

आता माझी नात मला विचारते, "आजी, तू चर्चला पहिल्या बाकावर बसतेस, आणि कार्ल्याच्या देवीच्या डोंगराकडे बघून पण हात जोडतेस. तू नक्की कोणाची प्रार्थना करतेस?" मी तिला सांगते, फोन मी लावते, उचलतं कोण ते विचारत नाही, आवाज ओळखीचा आहे. तिला हे उत्तर आवडतं. माझ्या दोन्ही सुनांना आवडत नाही, आणि त्यांचंही खरं आहे. त्यांना घर चालवायचंय, आणि घर चालवायला खिळ्यावर टांगलेली हत्यारं बरी पडतात. मी फक्त एवढंच म्हणते की माझ्या वडिलांना मी एकदा एक हत्यार भलत्याच कामाला वापरताना पाहिलेलं आहे.

त्या दिवशी वडिवळ्याहून परत येताना बांधावरून पपा पुढे आणि मी मागे. खाचरांत कापलेल्या भाताचे सड उभे होते. मला गप्प बसवेना. "पपा, मग आता आत्या आत की बाहेर?"

ते चालतच राहिले. "पुढल्या रविवारी तुझी परीक्षा आहे. पाळकसाहेबांनी विचारलं तर पुस्तकातलं उत्तर द्यायचं." मराठी पुन्हा छापील झाली होती.

"आणि तुम्ही विचारलंत तर?"

"मी नाही विचारणार." थोडं पुढे गेल्यावर, मागे न बघता, ते म्हणाले, "तूही मला विचारू नकोस."

परीक्षेच्या दिवशी देऊळ भरलं होतं. पाची मुलं नव्या कपड्यांत समोर, आणि बाजूच्या बाकावर पंच. पाळकसाहेब एकेकाला उभं करून प्रश्न विचारायचे आणि मग वरिष्ठ पंचांकडे वळायचे. पंचांनी 'मान्य' म्हटलं की मूल बसायचं, 'पुन्हा' म्हटलं की पुढल्या वर्षी. माझ्या आधीच्या दोघांना पपांनी 'मान्य' म्हटलं. माझी पाळी आली. पहिले दोन प्रश्न मी धडाधड सांगितले. मग पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आणि जे बाहेर आहेत, त्यांचं काय?"

चार ओळींचं उत्तर मला पाठ होतं, स्वल्पविरामासकट. तोंड उघडलं, आणि बाहेर भलतंच आलं. "ते प्रभूला ठाऊक, पाळकसाहेब. मी एकदा मध्ये पडून बघितलं, मला नाही जमलं."

बायकांच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि लगेच एवढी शांतता झाली की बाहेर इंजिनाने सोडलेली वाफ ऐकू यावी. पाळकसाहेब पपांकडे वळले. पपा उभे राहिले. एरवी ते बसूनच सांगत.

"हे पुस्तकातलं उत्तर नाही," ते म्हणाले.

"नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"पुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे." पपा थांबले. आईने बाकाची कड धरल्याचं मला दिसलं. ते इतका वेळ थांबले की मागे एक मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं.

"मान्य," पपा म्हणाले.

मी मटकन खाली बसले आणि शेजारच्या मुलीला कोपराने ढोसून कुजबुजले, "सुटले!" मला तेवढंच कळलं होतं, की पाठ केलेलं न सांगताही आपण पास झालो. पपा त्यानंतर किती वेळ उभे होते, बसताना त्यांनी कोणाकडे बघितलं, त्यांचा चेहरा कसा दिसत होता, ह्यातलं मला काही सांगता येत नाही. आईला पुढे कितीदा तरी विचारलं, तीही म्हणायची, माझे डोळे मिटलेले होते. एवढी चौकस म्हणवणारी मी, पालीकडेसुद्धा निरखून बघणारी. आणि जन्मात एकदाच बघायला मिळणार होतं ते चार हातांवर घडत असताना मी खाली वाकून नव्या चपलेचा पट्टा सैल करत बसले होते.